मल्लप्पांची कुजबूज

गुढीपाडवा: आमच्या पेठेतील थिएटरात बोलपट आला, जबाबदार, थिएटरचे मालक. अक्षय्य तृतीया: मल्लप्पांची तेथील नोकरी गेली, जबाबदार, तेच मालक. नागपंचमी: तिकीट काढून बसलेल्या मल्लप्पांना दारवानांनी दंडाला धरून बाहेर काढले, जबाबदार, पुन्हा तेच. आरोप: कुजबूज.

मल्लप्पा माझे शेजारी. त्यांनी अंगणातून "वकीलसाहेब, जेवन झालं का?" असे सहज विचारले, की माझ्या फडताळातील कपबश्या उत्तर देतात. मी तक्रार केली, की ते हात जोडून म्हणतात, "द्येवानं आवाज दिला, पर झाकन न्हाय दिलं. काय करू?"

तरुणपणी ते एका नाटक मंडळीत गायक होते. त्यांचा षड्ज इतका खोल, की पेटीच्या डावीकडच्या पट्ट्या संपत आणि पेटीवाले बिचारे नुसत्या लाकडाकडे पाहत राहत. मंडळीने मग त्यांना पडद्यामागे आकाशवाणी म्हणून नेमले. मूकपट आले तेव्हा ते आमच्या थिएटरात पडद्याशेजारी उभे राहून राजा, राक्षस, राणी, घोडा, सर्वांच्या वतीने बोलू लागले. राणीसाठी ते तोंडावर उपरणे धरीत; तरीही ही बाई राजाला सहज उचलून आपटील, असेच वाटे.

सोलापूरचे प्रेक्षक चार भाषांचे. म्हणून मल्लप्पा राजास मराठी, प्रधानास कानडी आणि राक्षसास तेलुगू बोलायला लावीत. एके दिवशी तेलुगू विणकर मंडळी उठली. "राक्षस सदा आमच्यातलाच का वो? तुमच्यात राक्षस न्हाईत व्हय?" खेळ थांबला. मी खुर्चीवर उभा राहून तोडगा सुचवला: राक्षसपण सर्व भाषांकडे पाळीपाळीने जावे. तो मान्य झाला. दक्खनी उर्दूची पाळी आली त्या दिवशी पडद्यापुढच्या स्वस्त पिटातून आरोळी उठली, "अपना राक्षस है रे, हारना नक्को!" आणि तो खरोखरच हरेना. पडद्यावर त्याचे मुंडके उडाले, तरी मल्लप्पा त्याच्या बाजूने बराच वेळ बोलत राहिले.

बोलपट मात्र एकट्या हिंदुस्थानीत बोलतो. नागपंचमीस मल्लप्पांशेजारी बसलेल्या विणकर म्हातारीला त्यातील अक्षर कळेना. तिने विचारले, मल्लप्पांनी तिच्या कानात तेलुगूत सांगितले. ती कुजबूज बाल्कनीपर्यंत पोहोचली, नायिकेचे गाणे बुडाले, आणि टाळ्या मल्लप्पांना पडल्या. मालकांनी यास शांतताभंग ठरवून, पुन्हा थिएटरात पाऊल टाकू नये, असे त्यांना बजावले.

मी संतापून विचारले, "अहो, घटकाभर तोंड मिटून बसता येत नव्हते?"

मल्लप्पा माझ्या ओसरीवर टेकले. त्यांचे बोलणे ऐकण्यासाठी मला प्रथमच पुढे वाकावे लागले.

"घरात मी एकला. दिवसभर बोलायला भिंत. तितं शेजारचं मानूस म्हनतं, पुढं काय झालं, सांगा की. त्येवढ्यासाटीच जातो, वकीलसाहेब."

मालकांस जाहीर सवाल असा, की तिकीटधारकाने शेजारणीच्या प्रश्नास उत्तर देणे कोणत्या कायद्याने गुन्हा ठरते? येत्या रविवारी मल्लप्पा व मी पिटात शेजारी शेजारी बसणार आहोत. मला हिंदुस्थानी उत्तम समजते. तरीही प्रत्येक प्रवेशास मी त्यांना अर्थ विचारणार आहे. आम्हा दोघांपैकी कोणास बाहेर काढणार, हे मालकांनी त्यापूर्वी वर्तमानपत्रातून, स्वतःच्या सहीने कळवावे.