हसण्याविना दिवस

बाळांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. आपल्या पोटावर पुढच्या बाजूला, वरून खाली, दोन पडद्यांसारखे दोन स्नायू असतात. घरी पाहुणे आले की आपण सरकून बसतो ना? तसे मुंगी नावाच्या एका मुलीच्या आईच्या पोटात एकदम दोन पाहुणे आले, म्हणजे जुळे, तेव्हा हे स्नायू बाजूला सरकले. जुळे जन्मले, दोन वर्षांचे झाले, घरभर धिंगाणा घालू लागले. स्नायू मात्र सरकले ते सरकलेच.

आईची पाठ सारखी धरायची. जुळ्यांना कडेवर घेणं तिला जमत नसे, आणि याचंच तिला सगळ्यात वाईट वाटे. त्यात पोट अजून पुढे आलेलं दिसायचं, म्हणून दुकानातली बाई दर खेपेला विचारायची, "कितवा महिना लागला?" शेवटी सर्जनबाईंनी ऑपरेशन करून दोन्ही स्नायू मधोमध शिवले. घरी पाठवताना पोटाला रुंद पट्टा बांधला आणि एक कागद दिला: जड उचलू नये, कुशीवर वळून उठावं, खोकताना आणि हसताना पोटाशी उशी घट्ट धरावी.

तो कागद बाबांच्या हातात पडला आणि घोटाळा झाला. बाबा एका कारखान्यात सुरक्षा-अधिकारी. कारखान्याच्या दारात त्यांनी 'अपघाताविना दिवस' असा फळा लावला होता; अपघात झाला की त्यावरचा आकडा पुन्हा शून्य. घरी दुसऱ्याच दिवशी आईच्या पलंगासमोर फळा लागला: 'हसण्याविना दिवस: १'.

"अहो, हे काय आता?"

"टाके तुटले म्हणजे? तू फक्त गंभीर राहा. बाकी सगळं मी बघतो."

आठ वर्षांच्या मुंगीला शिट्टी मिळाली. रोज सकाळी फळ्यावरचा आकडा बदलायचा आणि हसण्याजोगं काही दिसलं की शिट्टी फुंकायची. चित्रांचं गमतीचं पुस्तक जप्त झालं. आईला भेटायला आलेल्या शेजारच्या काकूंना मुंगीने दारातच अडवलं. "काकू, काही विनोदी सांगणार आहात का?"

"मी? विनोद?" काकू फणकारल्या. "लग्न केलं तेवढाच एक!"

आईने पांघरुणाचं टोक तोंडात कोंबलं.

उशी बाबांनी कपाटात कुलूपबंद केली. आणीबाणीची वस्तू कुलपात आणि किल्ली जबाबदार माणसाकडे, हा कारखान्याचा नियम.

"आणि मला खोकला आला तर?" आईने विचारलं.

"आधी सांगायचं. मी येतो ना किल्ली घेऊन."

फळ्यावर बारा आकडा लागला त्या सकाळी बाबा कामावर निघण्याआधी पलंगासमोर उभे राहिले. "दोनच दिवस राहिले. परवा तपासणी. तोवर सुरक्षेत जराही ढिलाई नको!"

त्यांच्या मागे, जमिनीवर, त्यांचं पिवळं हेल्मेट उलटं पडलं होतं. जुळ्यांपैकी एकाने ते नीट पाहिलं, त्याला ते आपल्या शीच्या भांड्यासारखं वाटलं, आणि तो शहाण्यासारखा त्यात बसला. नुकतंच शिकला होता तो. काम उरकून उठला. नशीब, काम छोटंच होतं.

मुंगीने जोरात शिट्टी फुंकली.

"शिट्टी कशाला? इथे हसण्यासारखं काय आहे?" असं म्हणत बाबांनी मागे न बघता हात खाली घातला, हेल्मेट उचललं आणि रुबाबात डोक्यावर चढवलं.

मिशीवरून थेंब ओघळले. दुसऱ्या जुळ्याने टाळ्या वाजवल्या. आणि आईचं बारा दिवसांचं हसू एकदम बाहेर पडलं.

"उशी! बाबा, किल्ली!" मुंगी ओरडली. बाबा मिटल्या डोळ्यांनी खिसे चाचपू लागले. मुंगीने जुळ्यांचा कापसाचा हत्ती उचलून आईच्या पोटाशी दाबला. तेवढ्यात आवाज आला, "चर्रर्र!"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो... काहीतरी फाटलं."

जुळ्यांना काकूंकडे सोपवून, हत्तीसकट सगळे दवाखान्यात पोहोचले. आता सगळं पुन्हा शिवावं लागणार, असंच प्रत्येकाच्या मनात होतं.

"डॉक्टर, आई उसवली का हो?" मुंगीने रडवेल्या आवाजात विचारलं.

सर्जनबाईंनी आईला झोपवलं. बोटांनी पोटाचा मध्य वरून खालपर्यंत हळूच चाचपला. मग पट्टा उचलला आणि त्याचं चिकटणारं टोक ओढलं. "चर्रर्र!"

"हाच आवाज?"

"हाच!" तिघंही ओरडले.

"पट्टा सुटला होता. टाके जागच्या जागी आहेत. एवढं हसूनही शिवण टिकली, छान झालं! पण उशी कुठाय तुमची?"

"सुरक्षित आहे," बाबा पुटपुटले.

"कुठे?"

"कुलपात."

सर्जनबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "हसा, पण उशी धरून, असं लिहिलंय मी. बंदी कुठे घातली? आणि तुमच्या केसांना हा वास कसला येतोय?"

आईने पटकन हत्ती पोटाशी धरला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बाबा खुर्चीत मटकन बसले आणि तेही हसू लागले. मग सर्जनबाईंनी आईला हळू श्वास सोडत पोट अलगद आत घ्यायला शिकवलं. "रोज एवढंच करा. ताकद हळूहळू येईल. काही आठवडे थांबा, मग जुळे तुमच्या कडेवर."

घरी आल्याबरोबर बाबांनी मुकाट्याने कपाट उघडून उशी आईच्या हातात दिली आणि ते फळा काढायला गेले.

"थांबा बाबा," मुंगी म्हणाली. ती स्टुलावर चढली, बारा आकडा पुसला आणि तिथे मोठं, गोल शून्य काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा स्टुलावर चढली. आधी आईकडे बघितलं, मग कालचं शून्य नीट पुसलं आणि त्याच जागी नवं काढलं.