आईच्या मांडीवर कोंबडी

"पंधरा दिवस! पंधरा दिवसांत यातली एक तरी कोंबडी आईच्या मांडीवर येऊन बसली नाही, तर दुकानाची पाटी उतरवीन!" असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून तिळाएवढ्या स्क्रूशी तासन्‌तास झुंजणाऱ्या माणसाला धीर काय शिकवायचा?

"अहो, हळू बोला," बायको म्हणाली. "तुमचा आवाज ऐकून तिन्ही छपरावर गेल्यात."

खरंच गेल्या होत्या.

कोंबड्या आणल्या त्याला कारण होतं. चार महिन्यांपूर्वी आईला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये बोलण्याचीच नोकरी केलेली बाई! तिच्या तोंडाचा पट्टा चुकवायला मी दुकान अर्धा तास आधी उघडायचो. आता घर इतकं गप्प झालं होतं, की दुरुस्तीला घरी आणलेली घड्याळं मी कपाटात कोंबून ठेवायचो. त्यांची टिकटिक सहन व्हायची नाही.

व्यायाम करून घ्यायला फिजिओ यायचा. तरुण, उंच, फार सज्जन. तो म्हणायचा, "काका, आजींना काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे. त्याशिवाय हात हलणार नाही." आईला काहीच करावंसं वाटत नव्हतं. मागच्या अंगणात खुर्ची टाकून दिली, की ती फक्त कुंपणापलीकडच्या कोंबड्यांकडे बघत राहायची. मग मी आपल्याच घरी तीन आणल्या. एक काळी, एक तपकिरी, एक ठिपक्यांची.

पण या कोंबड्यांना माणूस म्हणजे साक्षात यम! मी खुराड्यापाशी गेलो, की घरात खून झाल्यासारख्या ओरडायच्या. पहिल्या दिवशी मी तपकिरीला प्रेमानं धरायला गेलो. ती निसटली, मी पाण्याच्या बादलीत बसलो. दुसऱ्या दिवशी चादर टाकून पाहिली. चादरीखालून कोंबडी गेली आणि वर मी आलो. तिसऱ्या दिवशी ठिपकीनं माझा चष्मा उडवला. आई खुर्चीतून हे सगळं बघत होती. तोंडातून नुसतंच "अं... अं..." निघत होतं. मला वाटलं, ती घाबरली. मी तिची खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली. तिनं डोळे मिटून घेतले आणि त्या दिवशी जेवलीच नाही.

शेवटी, ज्यांच्याकडून कोंबड्या घेतल्या त्या बाईंकडे गेलो. माझ्या हातावरचे ओरखडे बघून त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही वरून झडप घालता. कोंबडीला वरून आलेला हात म्हणजे घार! खाली बसा. काही करू नका."

"काहीच नाही?"

"मक्याचे दाणे घाला एका डब्यात. डबा वाजवा, दाणे टाका, गप्प बसा. त्या येतील."

मग रोज सकाळी दुकानाआधी मी अंगणात मांडी घालून बसू लागलो. आईची खुर्ची पुन्हा बाहेर आणली, माझ्या शेजारी. डबा खुळखुळवायचा, दाणे टाकायचे आणि दगड होऊन बसायचं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं मायलेक अर्धा तास शेजारी बसत होतो. कोणी कोणाला काही बोलत नव्हतं. नवव्या दिवशी काळीनं माझ्या तळहातावरून दाणा उचलला. मी श्वास रोखून आईकडे पाहिलं. तीही श्वास रोखून बसली होती.

तेराव्या दिवशी नुसता डबा वाजला, की तिन्ही रेल्वे इंजिनासारख्या धावत यायच्या. मी बायकोला म्हणालो, "बघितलंस? आता राहिली फक्त मांडी!"

चौदाव्या दिवशी फिजिओ आला. नवा व्यायाम घेऊन आला होता. "काका, आज बोटांनी मणी उचलायचे," असं म्हणत त्यानं पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि आईचं लक्ष वेधायला खुळखुळवला.

मागचं दार उघडं होतं!

तिन्ही कोंबड्या घरात घुसल्या. ठिपकी थेट त्याच्या खांद्यावर. तपकिरी डब्यावर. मणी खोलीभर! तेव्हा आम्हाला कळलं, की हा सहा फुटी माणूस पक्ष्यांना घाबरतो. तो किंचाळत पलंगावर चढला.

"खाली बसा! काही करू नका!" मी ओरडलो.

"काढा हिला! काका, काढा!" तो हात झाडू लागला. हातातला डबा आणखी जोरात वाजला. कोंबड्यांना वाटलं, आज मेजवानीच आहे!

मी धावलो, मण्यांवरून घसरलो आणि आईच्या पायाशी आडवा झालो. बायको झाडू घेऊन आली आणि मला ओलांडून मणी गोळा करायला लागली. "आधी मणी! त्या गिळतील!"

या गोंधळात काळी उडाली आणि आईच्या मांडीवर उतरली.

आईनं कोंबडीकडे पाहिलं. मग डाव्या हातानं आपला उजवा हात सावकाश उचलला आणि तिच्या पाठीवर ठेवला. काळीनं मान आखडली, पंख मिटले आणि ती तिथेच बसली. आईनं जमिनीवर पडलेल्या माझ्याकडे बघितलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा स्वच्छ, खणखणीत शब्द उच्चारला.

"बावळट!"

बायकोच्या हातातला झाडू गळून पडला. फिजिओ पलंगावरूनच म्हणाला, "आजी बोलल्या!" आणि तशातच त्यानं वही काढून तो शब्द तारखेसह लिहून घेतला. मी स्वयंपाकघरात गेलो आणि बराच वेळ नळाखाली तोंड धुतलं.

मग ताईला फोन लावला. ती दूर असते. "आई बोलली!" एवढंच सांगितलं, तर ती रडायलाच लागली.

"काय बोलली रे?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी घसा खाकरला. "मला... हाक मारली."

मागून, खुर्चीतून, तोच शब्द पुन्हा आला. या वेळी पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

"हो रे!" ताई हुंदके देत म्हणाली. "ऐकलं मी! तुलाच हाक मारली!"