बुधवारचा उपास

पांढुर्ण्याहून पचमढीला जायचं तर सौंसरवरून जावं लागतं, आणि सौंसरवरून जायचं तर मोठ्या आईच्या घरी उतरावं लागतं. प्रफुल्लने लग्नानंतरच्या पहिल्या सहलीचा सगळा बेत जमवला होता. हॉटेल झालं होतं, फिरायला जिप्सी सांगून झाली होती, मित्राची गाडीही मागून आणली होती. या एका अडचणीवर मात्र उपाय सापडत नव्हता.

मोठी आई म्हणजे अंबाबाई, त्याच्या वडिलांचे थोरले भाऊ दादाजी यांची बायको. नवं जोडपं दारावरून गेलं आणि उतरलं नाही, तर त्या अपमानाची आठवण नातवंडांच्या लग्नातही निघते. उतरलं तर जेवण आलं. जेवण म्हणजे वडाभात, आणि मोठ्या आईच्या हातचा वडाभात खाऊन उठलेला माणूस आजवर कोणी पाहिलेला नाही. तो तिथेच आडवा होतो. जाग आली की ओटी, ओटीनंतर शेजारच्या चार घरी चहा, आणि मग "आता अंधाराचे कुठं जाता, बाप्पा." चुलतभाऊ हर्षल असाच बायकोला घेऊन जबलपूरचा धबधबा पाहायला निघाला होता. आठवड्याने परत आला तेव्हा त्याच्या पँटचं बटण लागत नव्हतं. धबधबा कसा होता म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मोठ्या आईच्या हातची तुपाची धार पाह्यली. तेच धर."

तृप्तीला धबधब्याचं किंवा डोंगराचं फारसं वेड नव्हतं. तिला नवऱ्याशी बोलायचं होतं. ती तिगावची, माणसांनी भरलेल्या घरातली. पण सासरचं घर त्याहून भरलेलं निघालं. लग्न झाल्यापासून दोघांचं सर्वांत मोठं संभाषण झालं होतं ते असं: "टॉवेल कुठं आहे?" "दोरीवर."

"मले दोन दिवस पाह्यजेत," गाडीत बसताना ती म्हणाली. "फक्त तुमी अन् मी. मंग वर्षभर म्हनाल त्याच्या घरी उतरते."

"मी काढला उपाय. आमचा उपास आहे म्हनून सांगू. पाया पडू, पानी पिऊ, निघू."

"आज बुधवार आहे."

"मंग?"

"बुधवारी कोन उपास करते?"

"तिच्या कुठं ध्यानात येते वार."

अंबाबाईंच्या ध्यानात वार तर असेच, शिवाय तिथी, नक्षत्र आणि शेजारणीच्या म्हशीची व्यायची तारीखही असे. उपास म्हटल्याबरोबर त्यांच्या हातातली पळी हवेत थांबली.

"बुधवारचा कायचा उपास, रे?"

प्रफुल्लने तृप्तीकडे पाहिलं. तृप्तीने छताकडे पाहिलं.

"नवसाचा," प्रफुल्ल म्हणाला.

"कोन्या देवाचा?"

प्रफुल्ल मनात एकेक देव आठवू लागला. पण अंबाबाईंना दुसऱ्याच्या उत्तराची गरज फारशी लागत नसे. "तुमी चालले कुठं, पचमढीले ना? मंग महादेवाचाच असन. अवो, आयकलं का? लेकरं चौरागडावर नवस फेडाले चालले. अन् आमी म्हनत होतो, आजकालचे पोरं पचमढीले नुसते फोटो काढाले जातात."

दादाजी बगीच्यातून संत्र्यांची टोपली घेऊन आत येत होते. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि नव्या सुनेच्या चेहऱ्याकडे कौतुकाने पाहिलं. "त्रिशूळ कुठं आहे मंग?"

आपल्याकडची माणसं चौरागडच्या महादेवाला नवसाचा त्रिशूळ वाहतात, हे प्रफुल्लला लहानपणापासून माहीत होतं. उपासाची थाप मारताना तेवढं आठवलं नव्हतं.

"तिथं मिळते म्हने विकत," तो पुटपुटला.

"विकतचा नवस?" दादाजी म्हणाले. "गोठ्यामागं आपला आहे ना. बोरगावच्या लोहारानं बनवला होता. मी बोललो होतो वाहीन म्हनून, जानंच झालं नाही."

त्या त्रिशुळावर इतकी वर्षं वालाचा वेल चढत होता. वेल सोडवून, माती झटकून तो अंगणात उभा केला, तेव्हा त्याची टोकं पत्र्याच्या वर गेली. पांढुर्ण्यातले लोक सांगतात की त्याच्यावर बसलेला कावळा खाली पाहून घाबरला. ते आपण सोडून देऊ; पण प्रफुल्लच्या डोक्यापेक्षा तो हातभर उंच होता हे खरं. हा हा म्हणता गल्ली जमली. कोणी हळद लावली, कोणी कुंकू, कोणी "आमच्याकडूनबी वाहा" म्हणून नारळ दिला. गाडीची डिकी नारळांनी भरली आणि त्रिशूळ जाईल कुठून हा प्रश्न उभा राहिला.

तो गेला मधून. मागच्या काचेपासून पुढच्या काचेपर्यंत, बरोबर दोन सीटांच्या मधून. टोकांना ब्लाउजपीस गुंडाळला.

"चला, येतो मोठी आई," प्रफुल्ल घाईने म्हणाला.

"येतो काय? आमीबी येऊन राहिलो ना," अंबाबाई म्हणाल्या. त्या नऊवारी बदलून, पिशवी घेऊन उभ्याच होत्या. "त्रिशूळ यायचा, नवस यायचा, अन् आमी घरी बसू? माह्याबी एक नवस बाकी आहे."

दादाजींचे गुडघे दुखत असल्यामुळे ते पुढे बसले. तृप्ती मागे, अंबाबाईंच्या शेजारी. नवरा-बायकोच्या मध्ये आता एक थोरला सासरा आणि एक महादेवाचं शस्त्र होतं.

निघताना अंबाबाईंनी नियम सांगितले. नवस फिटेपर्यंत पायात चप्पल नाही, म्हणून प्रफुल्लने जानेवारीच्या थंडीत अनवाणी क्लच दाबला. अन्न नाही, म्हणून छिंदवाड्याला दादाजींनी गरम समोसे खाल्ले आणि त्याच्या हातात केळं दिलं. "उपासाले केळं चांगलं. तू खाय," ते हिरव्या मिरचीचा तुकडा मोडत म्हणाले. मागे डबा उघडला होता. बुधवारचा सगळा वडाभात त्यात होता आणि वासाला नियम लागू नव्हता.

तृप्तीने आरशात नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर पाहून प्रफुल्लने आरसा थोडा वाकडा केला.

"अन् हो," तामियाच्या घाटात अंबाबाईंना शेवटचा नियम आठवला, "नवस फिटेपर्यंत जोडप्यानं वेगवेगळं निजावं लागते."

हॉटेलवाल्याने खोली सजवून ठेवली होती. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या होत्या आणि टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसले होते. अंबाबाईंनी एक हंस उलगडून तोंड पुसलं, दुसरा दादाजींना पाय पुसायला दिला. मग पाकळ्या गोळा करून पिशवीत टाकल्या, देवाला होतील म्हणून. खोली दोघी बायकांना मिळाली. प्रफुल्ल दादाजींबरोबर खालच्या हॉलमध्ये झोपला, आणि दादाजी कसे घोरतात हे त्याला त्या मुक्कामात कळलं.

सकाळी जिप्सीवाला आला. चौघांकडे आणि त्रिशुळाकडे आलटून पालटून पाहत त्याने विचारलं, "हनिमून पॅकेजवाले कौन हैं?"

"सबच हैं, भैया," अंबाबाई म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर चढल्या.

चौरागडाच्या पायथ्याशी दादाजींनी वर चढत गेलेल्या पायऱ्यांकडे पाहिलं. मग आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"तुमी जा," ते म्हणाले. "आमच्यासाठीबी तुमीच वाहा. आमी इथं झाडाखाली जप करत बसतो."

"आरामात या," अंबाबाई म्हणाल्या. "घाई नका करू. देवाच्या घरी घाई चालत नाही."

त्रिशूळ एकट्याला पेलणारा नव्हता. पुढचं टोक प्रफुल्लने खांद्यावर घेतलं, मागचं तृप्तीने. पहिला चढ पायऱ्या मोजण्यात गेला. मग तृप्ती मागून म्हणाली, "तुमी थाप मारता तेव्हा तुमचे कान लाल होतात."

"तुले कसं माहीत?"

"काल दिवसभर मागूनच पाहून राहिली होती."

प्रफुल्ल हसला आणि त्रिशूळ हलला. "हासू नका, मी पडन," ती म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. दम लागला की दोघं बसत. बसले की बोलत. तिने सांगितलं की तिला त्याच्या आईच्या हातची भाजी आवडते, पण मिठाचं कसं सांगावं कळत नाही. त्याने सांगितलं की त्या घरात मिठाचं सांगायची हिंमत आजवर कोणालाच झाली नाही. बाबा खिशात मिठाची पुडी घेऊन जेवायला बसतात. तिने विचारलं, मला पाहायला आलात तेव्हा एवढे गप्प का होता. तो म्हणाला, तुमच्याकडच्या चिवड्यातली मिरची दाताखाली आली होती. वरून उतरणारे लोक "जय महादेव" म्हणत वाट देत होते आणि एवढा मोठा नवस कसला असेल याचा विचार करत खाली जात होते.

वर त्रिशूळ वाहिला. तिथे त्रिशुळांचं रान उभं होतं. त्यात वालाच्या वेलाचा हिरवा डाग असलेला हा एकच. नारळ फुटले, नवस फिटला, आणि दोघांनी टपरीवर भजी अशी खाल्ली की टपरीवाल्याने पुन्हा पीठ भिजवलं. उतरताना कोणालाच घाई नव्हती. एका वळणावर ती दोघं इतका वेळ बसली की सूर्य समोरच्या डोंगराआड गेला तेव्हाच त्यांना आपण बसलो आहोत हे कळलं.

पायथ्याशी आले तर झाडाखाली कोणी नव्हतं. जिप्सीही नव्हती.

प्रफुल्लने फोन लावला. पलीकडे वारा, गर्दी आणि दादाजींचा हसण्याचा आवाज. "अरे, आमी धूपगडले आलो. सूर्य बुडते ते पाहाले. येऊन राहिलो, थांबा तिथंच."

पाठोपाठ फोटो आले. जिप्सीवाल्याने पॅकेजमधली एकही गोष्ट सोडली नव्हती. दादाजी काळ्या चष्म्यात. अंबाबाई घोड्यावर, लगाम दादाजींच्या हातात. दोघांच्या गळ्यात एकच मोठा हार. शेवटच्या फोटोत दोघं मिळून बदामाच्या आकाराचा केक कापत होते, आणि अंबाबाई अशा लाजल्या होत्या की तृप्तीने तो फोटो पुन्हा मोठा करून पाहिला.

जिप्सी आली तेव्हा मागच्या सीटवर अर्धा केक होता.

"मोठी आई," प्रफुल्ल म्हणाला, "दादाजींचे गुडघे?"

"आहेत ना."

"अन् तो बाकी असलेला नवस?"

अंबाबाईंनी केक मांडीवर घेतला. "नवस कुठला, बाबू. लग्न झाल्यावर ह्यांनी म्हटलं होतं, तुले पचमढी दाखवतो. मंग बगीचा लावला, मंग लेकरं झाले, मंग गाई आल्या. काल तू दारात उभा राहून बुधवारचा उपास म्हनला, अन् तुह्ये कान पाह्यले. म्हटलं, हे गाडी पुन्हा नाही येत."

तृप्तीला हसू आवरेना. जिप्सी वळणं घेत गावाकडे निघाली. केकचा एकेक तुकडा चौघांच्या हातात आला.

"पन घरी गेल्यावर काय सांगाचं?" दादाजींनी काळजीने विचारलं. "लोकं विचारतीन."

"सांगाचं, नवस फिटला," तृप्ती म्हणाली.

"कोनाचा?" प्रफुल्लने विचारलं.

अंबाबाई पदराच्या टोकाने दादाजींच्या मिशीला लागलेलं क्रीम पुसत होत्या.