'नाही' म्हणजे बंद नव्हे

"काय झालं?"

"काही नाही."

बायकोनं डब्याचं झाकण जरा जास्तच जोरात लावलं. मास्तरांनी ऐकलं, 'काही नाही' म्हणाली म्हणजे काही नाही, असं समजून पायात बूट घातले आणि निघाले. डोक्यात एकच विषय. खिडकी.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचा प्रोग्रॅम लिहिणारे. ऑफिसात जो येईल त्याला शिकवायचे, म्हणून मास्तर. अकरा वर्षं ते झेरॉक्स मशीनला पाठ लावून बसले होते. खिडकीजवळचे काका निवृत्त झाले, आणि मास्तरांना वाटलं, आता आपला नंबर. तेवढ्यात साहेब म्हणाले, "शुक्रवारी बघू. प्रोग्रॅममधला ज्याचा भाग जास्त वेगात पळेल, त्याला खिडकी."

दुसरा भाग होता चिमणीचा. येऊन सहा महिने झालेली, एवढीशी पोरगी, दिवसभर चिवचिव. तिनं डॉक्टर शोधायचा भाग लिहिलेला, मास्तरांनी नंबर लावायचा. आणि जो तो येऊन म्हणायचा, "चिमणीचं काम बघितलं का? काय पळतंय!" मास्तरांचा चहा कपातच गार व्हायचा.

"मास्तर, ट्रेसिंगचं सेटिंग तुम्हीच करा. अनुभवी माणूस," साहेब म्हणाले.

ट्रेसिंगची लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमच्या मागे वही घेऊन फिरणारी बाई. कुठे गेला, किती वेळ थांबला, सगळं टिपणार. हवी की नको ते प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच त्याच्या कानात सांगून ठेवायचं. त्या कानगोष्टीला म्हणायचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. आता टिपत टिपत चालणारा माणूस रमतगमत जाणारच. मास्तरांच्या मनात पाप आलं. चिमणीच्या भागाला 'ट्रेस : सगळं', आणि स्वतःच्या भागाला 'ट्रेस : नाही'. टाइप करताना जळफळाट इतका, की काय उमटलं ते परत वाचलंसुद्धा नाही.

शुक्रवारी साहेबांनी भिंतीवर मोठा पडदा लावला. चिमणीचा भाग सुरू झाला नि संपला. कोणाला पापणी लवायलाही वेळ मिळाला नाही. मग मास्तरांचा. एक पेशंट नंबर लावायला गेला तो गेलाच.

"मास्तर, पेशंट बरा होऊन घरी जाईल हो तोवर," कोणीतरी मागून बोललं.

"नेटवर्क... नेटवर्क जरा..." मास्तर घाम पुसायला लागले.

आणि पडद्यावर वही उघडली. मास्तरांचीच. आता झालं असं होतं, की मास्तरांनी अकरा वर्षं आपल्या फंक्शनांना, म्हणजे प्रोग्रॅमच्या तुकड्यांना, नावं ठेवताना माणसांनाच नावं ठेवली होती. कोण बघतंय, म्हणून. ती सगळी एकाखाली एक उतरायला लागली.

'साहेबांचं_नवीन_खूळ : तीन सेकंद.'

'चिमणीची_किरकिर : चाळीस वेळा.'



"माझं खूळ तीन सेकंद घेतं?" साहेबांनी चष्मा वर केला.

"आणि मी चाळीस वेळा?" चिमणी म्हणाली, आणि फिस्सकन हसली. ती हसली तसं सगळं ऑफिस फुटलं. साहेबसुद्धा. मास्तरांना मात्र वाटलं, झेरॉक्स मशीनमध्येच शिरावं.

चिमणीनं सेटिंगची फाइल उघडली. "अहो मास्तर, 'नाही' लिहून ती बंद होत नाही! ही बाई शब्द वाचत नाही, काही लिहिलंय का एवढंच बघते. काहीही लिहिलं की चालू. बंद हवी तर रिकामं सोडायचं."

"मग तुझ्या भागात का नाही लागली?"

चिमणीनं तिची फाइल बघितली. एका ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "माझ्याकडे तुम्ही 'ट्रेस' नाही लिहिलंत. 'त्रास' लिहिलंय."

मनात होतं तेच बोटांतून आलं होतं. त्रास नावाचं काही त्या लायब्ररीला ठाऊक नव्हतं, म्हणून ती मुकाट पुढे गेली. खिडकी चिमणीला मिळाली. मास्तरांनी तिची खुर्ची स्वतः उचलून नेली, आणि खाली ठेवताना पुटपुटले, "चुकलो गं पोरी."

"राहू द्या हो. पण तेवढी किरकिर पुसा."

संध्याकाळी मास्तर घरी आले. बायको भाजी निवडत होती, देठापेक्षा पानंच जास्त टाकत होती.

"काय झालं?"

"काही नाही."

मास्तर आत निघाले होते, ते दारातच थबकले. काहीही लिहिलं की चालू. ते मागे फिरले, स्टूल ओढून समोर बसले.

"बोल."

"काही नाही म्हटलं ना!"

"म्हणूनच म्हणतो, बोल."

बायकोनं भाजी बाजूला सारली. "आठवडाभर चिमणी. जेवताना चिमणी, आंघोळीला जाताना चिमणी. काल तर झोपेत म्हणालात. माझं नाव शेवटचं कधी घेतलंत, आठवतंय?"

मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मी सांगते." आणि सुरुवात झाली साखरपुड्यापासून. तारीख, वार, कोण काय बोललं, किती वेळ गप्प बसलं, सगळं.

एकवीस वर्षं वही चालूच होती.