नानांची उद्घाटनं

मीरा रोडला नवं हॉटेल उघडलं की भिंतींचा रंग वाळायच्या आत नाना तावडे तिथे जेवून आलेले असत. एकदा तर एका उडप्याकडे सत्यनारायणाची पूजा चालू असतानाच ते आत शिरले, तीर्थ घेतलं, प्रसाद घेतला आणि मसाला डोशाची ऑर्डर दिली. मालक म्हणाला, भटजी उठल्याशिवाय तवा तापणार नाही. नाना म्हणाले, थांबतो की. आणि आरतीला टाळ्या वाजवत उभे राहिले. बेव्हर्ली पार्कच्या आमच्या सोसायटीत याला ‘नानांचं उद्घाटन’ असंच नाव पडलं होतं.

आता एवढी हॉटेलं पालथी घालणारा माणूस चांगला भरलेला असावा, असं तुम्हाला वाटेल. नाना म्हणजे नुसती काडी. लग्न केलेलं नाही, फोर्टात विमा कंपनीत नोकरी, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाणं चिमणीचं. चार पदार्थ मागवायचे, प्रत्येकाचा घासभर खायचा, बाकीचं बांधून घ्यायचं. एकटा जीव, संध्याकाळची सोय करत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. जेवताना मात्र ते ताटापेक्षा भिंतींकडेच जास्त बघत. रंग कोणता, पंखे कुठल्या बाजूला, गल्ल्यावर कोण बसतं, खिडकीतून काय दिसतं. मग मालकाला गाठून तू कुठला, इथे कसा आलास, सगळं विचारत आणि कपाळावर बोट टेकवून म्हणत, "नोंद झाली."

मीरा रोडचा अभिमान तर विचारूच नका. तेव्हा मुंबईची माणसं आम्हाला हसायची. नानांचे ऑफिसवाले विचारत, तावडे, तुमच्याकडे मिठागरांतून होडीनं घरी जाता की चालत? नाना शांतपणे सांगत की आमच्याकडे बंगाली मोहरीतला मासा मिळतो, मालवणी कोंबडीवडे मिळतात, काठेवाडी शेव-टमाटर मिळतो, आणि हे सगळं एका रिक्षाच्या अंतरात. "तुमच्या दादरला आहे का?" असं विचारून ते डबा उघडत. डब्यात बहुतेक दहीभात असे.

एका शनिवारी त्यांनी मला आणि शहांना जिन्यात अडवलं. स्टेशनच्या बाजूला इराणी हॉटेल उघडलंय, उद्या दुपारी जायचं. शहा म्हणजे आमचे तळमजल्यावरचे गुजराती शेजारी, शुद्ध शाकाहारी. ते म्हणाले, बन-मस्का खायला एवढं काय?

"तो मुंबईचा इराणी," नाना म्हणाले. "हा इराणचा इराणी."

हॉटेल म्हणजे चार टेबलं. भिंतीवर डोंगराचं चित्र विणलेला गालिचा टांगलेला, आणि काउंटरमागे उंचापुरा, पिकल्या दाढीचा मालक. त्यानं छातीवर हात ठेवून, मान लववून आमचं स्वागत केलं, "बेफर्मायीद!" त्यातलं नानांना फक्त ‘बर्फ’ ऐकू आलं. ते नम्रपणे म्हणाले, "नको, सर्दी होती है." मालकाला काही कळलं नाही, पण त्यानं आनंदानं पुन्हा मान लववली.

नानांनी नेहमीसारखे चार पदार्थ मागवले. ताटभर पांढरा मोकळा भात, वर केशराचा पिवळा थर आणि लोण्याचा गोळा. बाजूला हातभर लांब खिम्याचे कबाब आणि एक अख्खा भाजलेला टोमॅटो. त्यावर भुरभुरायला लालसर पूड. नानांनी ती बोटावर घेऊन चाटली आणि ही आमसुलाची बहीण आहे, असं जाहीर केलं. दुसऱ्या वाडग्यात हिरवीगार दाट भाजी, त्यात राजमा आणि मटण. शहांनी नुसतं बघूनच विचारलं, हे अळूचं फदफदं आहे का? तेवढ्यात नानांनी त्यातला सुपारीएवढा काळा गोळा तोंडात टाकून चावला. ते वाळवलेलं लिंबू होतं. नानांचे डोळे मिटले, कान हलले, पण माणूस हटला नाही. पाणी पिऊन म्हणाले, नोंद झाली.

शहांनी भात आणि पुदिन्याचं ताक घेतलं. एक ग्लास संपवून दुसरा मागवला आणि म्हणाले, "ये तो अपनी छास ही है." मालकाला हे कळलं असावं, कारण त्यानं तिसरा ग्लास न मागता आणून ठेवला. नानांच्या चेहऱ्यावर अशी ऐट होती की जणू इराणहून या माणसाला त्यांनीच बोलावून घेतलंय.

उरलेलं बांधून घेतलं, शहा घरी गेले, आणि नाना पहिल्यांदाच थोडे घुटमळले. मी तेव्हा नुकतीच जुनी मारुती घेतली होती. ते म्हणाले, "सुर्वे, लालबागला सोडाल का? हा भात गार झाला तर मजा जाईल."

वाटेत मी विचारलं, तिथे कोण असतं? दादा असतात, एवढंच म्हणाले. पार्सल मांडीवर धरून, दर सिग्नलला त्याला हात लावून बघत होते.

चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. खिडकीशी खाटेवर दादा बसले होते. उजवं अंग गेलेलं. वहिनींनी मला पाणी दिलं आणि हळू आवाजात सांगितलं की हे पडल्यापासून जिना उतरलेले नाहीत, त्याला आता बरीच वर्षं झाली. पूर्वी गिरणीत होते. पगार झाला की धाकट्या भावाला हाताला धरून नव्या नव्या हॉटेलात न्यायचे, खाण्याचं भारी वेड. पुढे मुलाचं लग्न ठरलं तेव्हा खोलीत जागा व्हावी म्हणून नाना आपण होऊन मीरा रोडला गेले. "तेव्हापासून दर नव्या हॉटेलातलं घेऊन येतात," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना तिकडची खडान्‌खडा माहिती आहे."

नानांनी पार्सल सोडलं, ताट वाढलं आणि दादांना भरवायला बसले. दादांची जीभ जड झाली होती, पण प्रश्न थांबत नव्हते. कुठे आलं हे? बँकेच्या अलीकडे की पलीकडे? म्हणजे तो बंगाली मासेवाला समोरच्या बाजूला राहिला. भिंतीवर काय आहे? नाना गालिच्यातला डोंगर सांगत होते, त्यावरचा बर्फ सांगत होते, मालक छातीवर हात कसा ठेवतो ते करून दाखवत होते. वाळलेल्या लिंबाची गोष्ट ऐकून दादा इतके हसले की वहिनींना पदरानं त्यांचं तोंड पुसावं लागलं.

मी भिंतीला टेकून ऐकत होतो. मीरा रोडला राहत होतो मी, आणि रस्ते त्यांना माझ्याहून जास्त पाठ होते.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतला माणूस दारात डोकावला आणि विचारू लागला, कसला वास सुटलाय, दादा?

दादांनी तोंडातला घास गिळला. खाटेचा कठडा डाव्या हातानं धरून ते सरळ बसले.

"इराणचं जेवण," ते एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाले. "आमच्या मीरा रोडला मिळतं. इकडे नाही."

नानांच्या हातातला चमचा वरच्या वर थांबला. ते भावाकडे बघतच राहिले. मग दादांनीच मान पुढे केली आणि तो घास घेतला.