बाहेर एक रेघ जास्त

आमच्या समोरचे सेतुराव लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्त बघत नाहीत, आधी अवतरणचिन्हं तपासतात. तिरुविडैमरुदूरचे माझे साडू मुलीची पत्रिका घेऊन आले, तर हे त्यांनाच म्हणाले, "छान आहे. पण एक चिन्ह उघडलंय, तें मिटलंच नाही." साडू अजून घुश्शात आहेत.

सेतुराव चेन्नईच्या एका कंपनीचं काम घरून करतात आणि उरलेल्या वेळात स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा बनवतात. घरात मराठी, बाहेर तमिळ, त्यात ही तिसरी कशाला, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी अडचण दाखवली. त्यांच्या आईंचे, गंगक्कांचे, गुडघे गेलेत. उंबऱ्यापुढे कोलमची रांगोळी काढायला आता बसता येत नाही. म्हणून त्या खुर्चीतून एकेक कोलम सांगतात आणि सेतुराव तो ठिपके नि तिरप्या रेघांनी टाइप करतात. पण प्रोग्राममध्ये मजकूर अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो, आणि आत डावीकडे झुकलेली रेघ आली की कॉम्प्युटर तिला हुकूम समजून गिळून टाकतो. गंगक्कांचं कमळ एका अंगानं झडलेलं दिसे. "आहे तसें ठेव ना, बाबा," असं सेतुराव पडद्याला विनवत.

मार्गळी महिना लागायच्या आत, म्हणजे दारोदारी मोठे कोलम सुरू व्हायच्या आत, त्यांना आहे तसा राहणारा मजकूर हवा होता. प्रश्न एकच. मजकूर संपला हे कॉम्प्युटरला कशावरून कळावं? जी खूण ठरवाल, ती कोलमच्या आतही येऊ शकते.

ती खूण मोडून दाखवायचं काम माझ्याकडे. मी हिशेबाचा माणूस, मला चूक सापडल्याशिवाय कॉफी गोड लागत नाही. त्यांनी दोन अवतरणचिन्हं जोडून आणली, मी ठिपक्यांच्या जागी तीच दोन घालून कोलम केला. त्यांनी तीन आणली, मी तीन घातली. "अण्णा, तुम्ही शेजारी की ऑडिट?" म्हणून ते कॉफी अर्धी टाकून उठले.

मग एका सकाळी एकाच पायात चप्पल घालून धावत आले. गंगक्का दुहेरी रेघांचा कोलम सांगत होत्या आणि सांगता सांगता म्हणाल्या, आत दोन रेघा आल्या तर बाहेरची चौकट तीन रेघांची घाल, नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळतील.

"अण्णा, खूण ठरवायचीच नाही. लिहिणाऱ्यानं आत बघावं आणि बाहेर एक जास्त घालावं. जितक्या चिन्हांनी उघडलं, तितक्याच चिन्हांनी मिटेल."

मी आत चार चिन्हं घातली, त्यांनी बाहेर पाच. मी सात, त्यांनी आठ. पाठकोरे कागद संपले, माझं डोकं संपलं, कॉफी गार झाली. हरून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

मार्गळीच्या पहिल्या दिवशी दुधासाठी जरा लवकर दार उघडलं. समोरच्या उंबऱ्यापुढे सेतुराव उकिडवे बसलेले. पायरीवर मोबाइल, त्यात टाइप केलेला कोलम, चिमटीत तांदळाचं पीठ. अख्खं कमळ, भोवती तीन रेघांची चौकट. तिथला रोजचा कोलम त्यांची कामवाली सेल्वी काढते, असं आम्ही सगळी गल्ली समजत होतो.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "आईला कळलं मी काढतो, तर उद्या ती स्वतः बसेल."

खिडकीची कडी वाजली तसे ते गुडघे झटकत आत पळाले. गंगक्कांनी खिडकीतून वाकून बराच वेळ खाली पाहिलं.

"सेल्वीचा हात बसला हो आता," त्या मला म्हणाल्या. "अगदी माझ्यासारखा."

आतून सेतुरावांचा आवाज आला, "हो आई. सांगतो तिला."