सासऱ्यांच्या कपाळावरचं पीक

"महिनाभरात डोक्यावर असं रान उभं करतो, की तुझे वडील कात्री घेऊन मागे लागतील!" मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

काय करणार! सासऱ्यांना आपलं केशकर्तनालय सोपवून निवृत्त व्हायचं होतं. दुकान मिळणार मला, नाहीतर मेहुण्याला. त्याच्या डोक्यावर हा झुपका, माझ्या डोक्यावर माळरान! सासरे म्हणायचे, "जावईबापू, हात तुमचा झकास. पण टकल्या न्हाव्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास कसा बसायचा?"

मग काय, केस उगवायचं औषध आणलं. थेंबभर लावा, असं बाटलीवर लिहिलं होतं. आपल्याला कुठला धीर! दुकान उघडलं की ओंजळभर चोपडायचं आणि थेट कामाला लागायचं. पहिलं गिऱ्हाईक रोज सासरेच. दाढी, आणि वर कपाळाला चांगली रगडून मालिश!

थोड्याच दिवसांत माझी टाळू पेटली! लालभडक झाली. खाज तर अशी, की गिऱ्हाइकाला सोडून मी स्वतःलाच कंगवा फिरवायचो. मग पापुद्रे सुटले. शिंपीकाका खुर्चीतून ओरडले, "अरे, अंगावर हा कोंडा कसला?"

"तुमचाच की, काका!"

"मला केस तरी आहेत का, गाढवा!"

काका अर्ध्या दाढीनिशी पळाले आणि मला काहीतरी संसर्ग झालाय, असं गल्लीभर सांगत सुटले. खुर्च्या ओस पडल्या. मेहुणा तर भिंतींना कुठला रंग द्यायचा, ते बघून गेला!

त्यातच, संसर्गाच्या भीतीनं दोन-तीन आठवडे दुकानाकडे न फिरकलेले सासरे एका सकाळी टोपी भुवयांपर्यंत ओढून आले. टोपी काढली आणि बघतो तर काय! कपाळभर काळी कुळकुळीत लव!

"तुमचा रोग मला लागला!" सासरे किंचाळले.

आम्ही दोघं धावलो त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी आधी माझं डोकं पाहिलं, मग सासऱ्यांचं कपाळ. "संसर्ग वगैरे काही नाही. औषध लावल्यावर हात धुता ना?"

मी छताकडे बघितलं. सासऱ्यांनी माझ्याकडे.

"औषध बंद करा, खाज थांबेल. आजोबांची लवही काही महिन्यांत जाईल."

गेलं दुकान, म्हटलं! पण बाहेर आल्यावर सासरे कुजबुजले, "हे थोबाड घेऊन मी दुकानात बसू? आमच्या चिरंजीवांना कळलं तर ते गावभर करतील! कपाळ साफ होईपर्यंत दुकान तुम्हीच सांभाळा. आणि रोज घरी येऊन कपाळाची दाढी करा. हात धुऊन!"

कपाळ साफ होईपर्यंत! बाटलीत अजून अर्धं औषध शिल्लक आहे हो. पण बायकोनं ती कपाटात घालून कुलूप लावलंय. नवऱ्याला चांगलं ओळखते ती!